मोबाईलचा फ्लॅश आणि गोव्यातले रात्रीचे उत्सव

गोव्यात फोटो काढावेत असे कितीतरी प्रसंग सूर्य मावळल्यावरच घडतात. शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, मिरवणुका आणि चित्ररथ रात्री उशिरापर्यंत चालतात, जत्रेतले काले, म्हणजे लोकनाट्याचे प्रयोग, आणि नाटके मध्यरात्रीनंतर रंगतात, दिवजोत्सवात सुवासिनी पेटती दिवजां, म्हणजे पाच वातींचे दिवे, हातात घेऊन देवळाभोवती फिरतात, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुराचे पुतळे उभे राहतात आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत घुमट या मातीच्या वाद्यावर म्हटलेल्या आरत्यांनी घरे रात्रभर जागी असतात. हे सगळे टिपायला बहुतेकांच्या हातात आता मोबाईलच असतो. त्यामुळे नवा फोन घेण्यापूर्वी ओळखीची माणसे मला हमखास विचारतात, की अमक्या फोनचा फ्लॅश किती पॉवरफुल आहे. त्यांना मी दरवेळी सांगतो, की पॉवर शेवटी पाहा. आधी हे पाहा, की त्या फ्लॅशचा उजेड किती वेळ टिकतो आणि कोणत्या बाजूने येतो. काळोखातल्या फोटोचे बरेवाईट बहुतांशी या दोन गोष्टींवर ठरते, आणि फ्लॅशच्या निरनिराळ्या प्रकारांमधला खरा फरकही तिथेच आहे.

आजच्या जवळजवळ प्रत्येक फोनवर असतो तो एलईडी फ्लॅश. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर दिलेला असतो. चिपचा निळा आणि फॉस्फरचा पिवळा प्रकाश मिसळून डोळ्याला पांढरा दिसतो. कार्यक्षम निळा एलईडी तयार केल्याबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्या संशोधनाचा एक बारीकसा तुकडा आपल्या फोनच्या पाठीवर बसलेला आहे. हा दिवा थेट बॅटरीवर चालतो. बॅटरी एका क्षणी जेवढा विद्युतप्रवाह देऊ शकेल आणि ती इवलीशी चिप जेवढी उष्णता सोसू शकेल, तेवढाच उजेड त्यातून मिळतो. साहजिकच फोटोपुरता प्रकाश जमवायला त्याला बराच वेळ पेटून राहावे लागते, आणि कॅमेऱ्याचे शटरही तेवढा वेळ, म्हणजे बहुधा सेकंदाचा तिसावा किंवा पंधरावा भाग, उघडे राहते.

स्थिर वस्तूच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. पण आरतीला घुमट वाजवणाऱ्या माणसाचा फोटो एलईडी फ्लॅश लावून काढला, की तालात डोलणारा चेहरा त्यातल्या त्यात बरा येतो, घुमटाच्या मडक्यावरची माती ओळखू येते आणि कातड्यावर पडणाऱ्या बोटांच्या जागी मात्र फिकट धुरकट पट्टा उमटतो. बाजूला शामेळ हे काठ्यांनी वाजवायचे वाद्य वाजत असेल तर त्याच्या काठ्या फोटोत दिसतही नाहीत. काही वेळा अशी हलती बोटे मला आवडतात, कारण त्यांत वादनाचा वेग दिसतो. परंतु ती हवी की नकोत हे ठरवण्याचा अधिकार फोटो काढणाऱ्याकडे असायला हवा, आणि एलईडी तो अधिकार देत नाही.

झेनॉन फ्लॅशचे तत्त्व वेगळे आहे. त्यात बॅटरीची ऊर्जा आधी एका कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टपर्यंत साठवली जाते आणि मग झेनॉन वायू भरलेल्या काचेच्या नळीतून ती एका दणक्यात सोडली जाते. उजेड डोळे दिपवणारा असतो आणि सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात, कित्येकदा त्याहूनही आधी, संपतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकापासून असे क्षणिक विद्युतदिवे वापरून फुटणारे दुधाचे थेंब आणि पुढे उडत्या बंदुकीच्या गोळ्या फोटोत गोठवून दाखवल्या. हेच तंत्र मोबाईलमध्येही आले होते. सोनी एरिक्सनचा के८००आय (२००६), नोकियाचे एन८२ (२००७), एन८ (२०१०), ८०८ प्युअरव्ह्यू (२०१२) आणि ल्युमिया १०२० (२०१३) हे सगळे झेनॉनवाले फोन होते.

दोहोंतला फरक घरच्या पंख्यावरही पाहता येतो. मिनिटाला ३०० फेरे घेणारा पंखा सेकंदाला पाच वेळा फिरतो. सेकंदाच्या तिसाव्या भागात त्याचे पाते साठ अंश, म्हणजे वर्तुळाचा सहावा हिस्सा, पुढे सरकते. हजाराव्या भागात ते दोन अंशही सरकत नाही. रात्री खोलीतले दिवे मालवून एलईडीने फोटो काढला तर पात्यांची चकती दिसते आणि झेनॉनने काढला तर पंखा बंद असावा अशी पाती दिसतात. माझ्या मावसभावाने त्याचा नोकिया ८०८ अजून जपून ठेवला आहे. फोंड्याच्या शिगम्यात त्याने त्या फोनवर काढलेला रोमटामेळाचा, म्हणजे ढोल वाजवत नाचत निघणाऱ्या मेळ्याचा, एक फोटो मी पुनःपुन्हा पाहतो. ढोल बडवणाऱ्याने दांडी उचललेली आहे, ढोलाच्या कातड्यावर साचलेला गुलाल ठोक्यासरशी वीतभर वर उसळलेला आहे, आणि त्या गुलालाचा कण न् कण सुटासुटा दिसतो. आजच्या कितीही महागड्या फोनच्या एलईडीने हा फोटो निघणार नाही.

असे असूनही झेनॉन फोनमधून हद्दपार झाला, आणि त्याला सबळ कारणे आहेत. कॅपॅसिटर जागा खातो आणि फोन जाड होतो. एकदा फ्लॅश उडाला की पुन्हा भरायला काही सेकंद थांबावे लागते. झेनॉन सतत पेटून राहू शकत नाही, त्यामुळे व्हिडिओसाठी किंवा विजेरी म्हणून त्याचा काडीचा उपयोग नसतो. शिवाय मोबाईलचा सेन्सर चित्र एकदम वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. झेनॉनचा क्षणिक उजेड सगळ्या ओळींना सारखा मिळायचा तर त्या सगळ्या एकाच वेळी उघड्या हव्यात, आणि त्यासाठी एन८ किंवा ८०८ मध्ये होते तसे यांत्रिक शटर घालावे लागते. पातळ फोन आणि सोशल मीडियावरचे व्हिडिओ यांच्या काळात एवढा खटाटोप कोण करणार? मला याची मनापासून खंत वाटते, कारण काळोखात हलणारा माणूस टिपण्याची जी एक सोय मोबाईलमध्ये होती ती गेली आणि तिच्या तोडीचे दुसरे काही आले नाही.

अंतराचा नियम मात्र दोन्ही फ्लॅशना सारखाच लागू आहे. अंतर दुप्पट झाले की विषयावर पडणारा उजेड चौपटीने घटतो. एक मीटरवर जेवढा उजेड पडतो त्याचा चौथा हिस्सा दोन मीटरवर आणि सोळावा हिस्सा चार मीटरवर पोहोचतो. एलईडीची मजल खऱ्या अर्थाने दोन-तीन मीटरपर्यंतच असते. म्हणून देवळाच्या प्रांगणात नाटक चालू असताना मागच्या खुर्च्यांवरून लखलखणारे फ्लॅश पाहिले की मला वाईट वाटते. तो उजेड रंगमंचापर्यंत पोहोचतच नाही. पुढच्या रांगेतल्या माणसांची डोकी तेवढी पांढरी होतात आणि फ्लॅशच्या भरवशावर कॅमेऱ्याने संवेदनशीलता कमी धरल्यामुळे मागचा रंगमंच उलट अधिक काळा येतो. रंगमंचावर नटांसाठी प्रकाशयोजना केलेलीच असते. फ्लॅश बंद करून नटाच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे आणि उजेडाचे माप तिथून घ्यावे, एवढ्यानेच फोटो सुधारतो. शिवाय ऐन प्रवेशात नटाच्या डोळ्यांवर तिरीप जात नाही.

रंगाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. उजेड किती पिवळा किंवा निळसर आहे ते रंगतापमानाने मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा. समईच्या ज्योतीचे रंगतापमान १९०० केल्विनच्या आसपास असते, जुन्या पिवळ्या बल्बचे २७०० च्या आसपास, आणि साध्या एलईडी फ्लॅशचे ५००० च्या वर. समयांच्या उजेडात बसलेल्या आजीवर असा फ्लॅश टाकला तर तिचा चेहरा निळसर पांढरा होतो आणि मागची भिंत नारिंगी राहते. कॅमेऱ्याने कोणताही एक रंग दुरुस्त केला तरी दुसरा बिघडतो. यावर तोडगा म्हणून एक पांढरा आणि एक पिवळसर असे दोन एलईडी शेजारी बसवून, भोवतालच्या उजेडाप्रमाणे त्यांचे मिश्रण करण्याची पद्धत आली. ॲपलने २०१३ मध्ये आयफोन ५एसवर ती आणली आणि नंतर ती पुष्कळ फोनांत पसरली. आयफोन १४ प्रोमध्ये (२०२२) तर नऊ एलईडींची मांडणी आहे आणि लेन्सच्या आवाक्यानुसार उजेडाचा पसाराही बदलतो. दोन रंगांचा फ्लॅश हा जाहिरातीपुरता प्रकार नाही, घरगुती समारंभांत तो खरोखर उपयोगी पडतो. तरी ज्योतीइतका पिवळा तो होत नाही. त्यासाठी नाटकवाले दिव्यांना लावतात त्या पिवळ्या-नारिंगी जिलेटीन पेपरचा नखाएवढा तुकडा फ्लॅशवर चिकटवावा. दोन रुपयांच्या त्या तुकड्याने चेहरा आणि भिंत एका रंगात येतात.

फॉस्फरच्या एलईडीत आणखी एक उणीव असते. गडद लाल रंगाचा हिस्सा त्याच्या प्रकाशात तुटपुंजा असतो, त्यामुळे कपाळावरचे कुंकू, जास्वंद किंवा लाल पैठणी त्यात थोडी मातकट दिसते आणि माणसांची कातडी निस्तेज वाटते. झेनॉनच्या प्रकाशात सूर्यप्रकाशासारखे सगळे रंग सलग असल्याने तिथे हा दोष जाणवत नाही.

आता दिशेविषयी, कारण माझ्या मते मोबाईलच्या फ्लॅशची खरी खोट तिच्यातच आहे. फ्लॅश एलईडीचा असो वा झेनॉनचा, तो लेन्सपासून बोटभर अंतरावर असतो आणि एका ठिपक्यातून समोर सरळ आदळतो. चेहऱ्यावरचे उंचसखलपण त्यात सपाट होते, डोळ्यांच्या पडद्यावरून उजेड थेट लेन्समध्ये परततो म्हणून डोळे लाल येतात, पितळी समईवर किंवा चांदीच्या प्रभावळीवर जळल्यासारखा पांढरा डाग उमटतो आणि मागच्या भिंतीवर कडक काळी सावली पडते. चवथीला माटोळीखाली बसलेल्या गणपतीचा फोटो हे याचे उत्तम उदाहरण. वर चौकटीला नारळ, सुपारीचे घड, केळी, तोरिंगे, रानातून आणलेली फळे आणि आंब्याचे टाळे दाटीने टांगलेले असतात. समोरून फ्लॅश उडवला की माटोळीचा पुढचा थर भगभगीत उजळतो, मागची फळे अंधारात बुडतात आणि मखराच्या पडद्यावर गणपतीच्या कानाशेजारी मुकुटाची काळी बाह्यरेषा येते. ज्या घरातल्या माणसांनी दोन दिवस राबून ती माटोळी बांधली, त्यांची मेहनत अशा फोटोत दिसतच नाही.

यावरचा उपाय सोपा आहे आणि त्याला दुसरा फोन पुरतो. आपल्या फोनचा फ्लॅश बंद करावा. घरातल्या कोणाला तरी दुसऱ्या फोनची टॉर्च लावून गणपतीच्या डाव्या किंवा उजव्या हाताला उभे करावे आणि ती टॉर्च मूर्तीवर न रोखता शेजारच्या चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर रोखायला सांगावी. भिंतीचा तेवढा भाग दिव्यासारखा उजळतो आणि तिथून परतणारा उजेड मोठ्या पृष्ठभागावरून येत असल्याने मऊ असतो. माटोळीतली सुपारी गोल दिसते, सोंडेच्या वळणाला सावलीची एक बाजू मिळते. व्यावसायिक छायाचित्रकार छतावर फ्लॅश आपटून हेच साधतात, पण आपल्या जुन्या कौलारू घरांत ते जमत नाही, कारण वर काळपट वासे आणि तांबडी कौले असतात आणि ती उजेड गिळून टाकतात, वर उरलेल्या उजेडाला तांबूस झाक देतात. भिंत निळी किंवा हिरवी रंगवलेली असेल तर तिचाही रंग चेहऱ्यांवर उतरतो. अशा वेळी कोणी पांढरे पुडवें (धोतर) नेसलेले असेल तर त्याला त्या बाजूला उभे करून तेच पडद्यासारखे वापरता येते, किंवा पांढरा टॉवेल धरावा. यातले काहीच शक्य नसेल तर टॉर्चसमोर टिश्यू पेपरची एक घडी विसेक सेंटिमीटर पुढे धरावी. काचेला चिकटवलेल्या टिश्यूने उजेड फक्त कमी होतो, मऊ होत नाही. उजळणारा पृष्ठभाग मोठा झाला पाहिजे.

याच तत्त्वावर काही कंपन्यांनी फोनच्या पाठीवर मोठ्या वर्तुळाकार दिव्याची सोय केली आहे. विवोच्या व्ही मालिकेतला ऑरा लाइट हे ओळखीचे उदाहरण. नेहमीच्या फ्लॅशच्या ठिपक्यापेक्षा हे वर्तुळ मोठे असल्याने हातभर अंतरावरच्या चेहऱ्यावर त्याचा उजेड सुखद पडतो, मात्र दोन पावले मागे गेले की त्याचा तो गुण संपतो. सेल्फीसाठी स्क्रीनच पांढरी करून वापरण्याची युक्तीही तीच आहे. ॲपलने २०१५ मध्ये आयफोन ६एसवर स्क्रीन क्षणभर नेहमीपेक्षा तिप्पट उजळ करणारी सोय दिली. लग्नाच्या मांडवात दोघीतिघींची सेल्फी काढायला स्क्रीनचा उजेड पाठीवरच्या फ्लॅशपेक्षा केव्हाही चांगला, कारण पृष्ठभाग मोठा, अंतर कमी आणि डोळे दिपत नाहीत.

फ्लॅशचा खरा प्रतिस्पर्धी ठरला तो नाईट मोड. गूगलने २०१८ च्या अखेरीस पिक्सेल फोनांत आणि ॲपलने २०१९ मध्ये आयफोन ११ मध्ये तो आणला. कॅमेरा एकामागून एक अनेक चित्रे घेतो, हाताचा कंप ओळखून ती एकमेकांवर नेमकी बसवतो आणि त्यांच्या बेरजेतून उजेड वाढवतो, दाणेदारपणा घटवतो. मंगेशीचा उजळलेला दीपस्तंभ, चित्ररथाची मांडणी, मिरवणुकीपूर्वी उभा केलेला नरकासुर अशा स्थिर विषयांसाठी कोणत्याही फ्लॅशने याच्याशी बरोबरी करता येणार नाही, कारण तिथे असलेल्या उजेडाचा रंग आणि सावल्या जशाच्या तशा राहतात. पण दिवजांच्या रांगेतल्या स्त्रिया चालत असतात, आणि नाईट मोडमध्ये चालत्या माणसाचा चेहरा पुसल्यासारखा होतो. तिथे मी फ्लॅशही लावत नाही, नाईट मोडही नाही. रांग वळणावर क्षणभर थबकते, तिथे उभे राहून ज्योतीवर उजेडाचे माप घ्यावे. हातातल्या पाच वातींचा उजेड चेहऱ्यावर खालून पडतो आणि जवळच्या अंतरावर तो पुरतो. भोवतालचे काळोखात गेले तर जाऊ द्यावे.

पाऊस आणि धूर यांच्यात फ्लॅश सर्वांत वाईट वागतो. लेन्सच्या अगदी पुढ्यातले थेंब किंवा धुपाचे कण फ्लॅशच्या सर्वांत जवळ असल्याने प्रखर उजळतात आणि फोकसबाहेर असल्याने गोल पांढऱ्या चकत्यांसारखे दिसतात. काहीजण त्यांना भुताखेतांची खूण समजतात, पण कारण एवढेच आहे. नरकासुराच्या मिरवणुकीत फटाक्यांचा धूर असतो तेव्हाही हेच होते. उजेड बाजूने आला की हा दोष नाहीसा होतो.

मोरजी, आगोंद आणि गालजीबाग किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तिथे कोणताही फ्लॅश वापरू नये. पांढऱ्या उजेडाने मादी बिचकून अंडी न घालताच परत फिरू शकते, आणि समुद्रावरच्या उजळ क्षितिजाच्या रोखाने जाणारी पिल्ले कृत्रिम उजेडाकडे भरकटतात. पावसाळ्याच्या तोंडावर मोलेच्या जंगलात चमकणाऱ्या काजव्यांनाही फ्लॅशचा त्रास होतो, आणि त्यांचा स्वतःचा उजेड तर फोटोत उरतच नाही.

ज्यांना थोडा खर्च करता येईल त्यांनी फोन बदलण्याऐवजी तळहाताएवढे एलईडी पॅनेल घ्यावे. त्याचा रंग पिवळ्यापासून पांढऱ्यापर्यंत बदलता आला पाहिजे आणि सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याची क्षमता, ९५ च्या वर असावी. ते फोनला न लावता हातात बाजूला धरावे.

घोडेमोडणीसारख्या वेगवान नृत्यासाठी मात्र पॅनेलही अपुरे पडते. कमरेला लाकडी घोडा बांधून तलवार उगारत पुढेमागे धावणारा नर्तक झेनॉनशिवाय गोठवायचा तर असलेल्या उजेडातच जागा शोधावी लागते. मंडपाच्या हॅलोजनच्या किंवा चित्ररथाच्या दिव्यांच्या तीन-चार मीटर परिसरात थांबावे, प्रो मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याची मापे हाताने ठरवता येतात तिथे, शटर सेकंदाच्या १/२५० वर बांधून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढू द्यावा आणि दाणे आले तर ते स्वीकारावेत. नर्तक मागे वळताना क्षणभर मंदावतो, तेव्हा बटण दाबावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मिचकतात आणि १/२५० वर चित्रात काळे आडवे पट्टे येऊ शकतात. ते दिसले तर शटर १/१०० वर आणावे, म्हणजे पट्टे जातात, आणि तलवारीचे टोक थोडे हलले तरी नर्तकाचा चेहरा स्पष्ट मिळतो.